वाड्याची उतरवणी

जुना वाडा पाहावयास येणारा मनुष्य बहुधा दिंडी दरवाजाशी, चौकातील तुळशीवृंदावनाशी किंवा ओटीच्या कोरीव खांबांशी थांबतो; परंतु ज्यांनी त्या वाड्यात उभा जन्म काढला त्यांचे जगणे ज्या जागांत घडले, त्या जागा बहुशः मूळ बांधणीच्या नसतातच. पडवीला फळ्या मारून केलेली खोली, जिन्याखाली पाणी वाहून जाण्यापुरता उतार देऊन काढलेली मोरी, आडाच्या कठड्यालगत उभारलेले पत्र्याचे स्वयंपाकघर, सज्जाच्या टोकाशी लोखंडी कांबींवर तोललेली अडगळीची खोली, अशा मागाहून चिकटलेल्या आणि कोणत्याही नक्षीने न सजलेल्या कोपऱ्यांतच मुले अभ्यासाला बसली, बाळंतिणी निजल्या, म्हाताऱ्यांनी डोळे मिटले. म्हणूनच पुण्याच्या नारायण पेठेतील आमच्या वडिलोपार्जित वाड्याची दुरुस्ती काढली, आणि बांधावयाचे थोडे व काढावयाचे फार असा निर्वाळा गवंड्याने पहिल्याच पाहणीत दिला, तेव्हा खर्चाच्या विवंचनेच्याही आधी मनात आले की, हे सारे काढावयाचे म्हणजे नेमके कोणाचे काय काढावयाचे याचा हिशोब पहार उचलण्यापूर्वी झाला पाहिजे.

वाडा पेशवाईच्या अखेरीचा, दोन चौकांचा. घडीव काळ्या दगडाचे जोते, त्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांच्या माथ्यावर हस्त, हस्तांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि त्यांवर तक्तपोशी, अशा क्रमाने घराचा बहुतेक भार लाकडाच्या सांगाड्याने आपल्या अंगावर घेतलेला. भिंतींकडे मुख्यत्वे ऊन, पाऊस आणि परकी नजर अडवण्याचे काम. लाकडाचे सांधे एकमेकांत असे बसवलेले की खिळ्याला वाव नाही. पहिल्या चौकात बाहेरच्या जगाचा व्यवहार, दुसऱ्यात घरच्यांचा. आणि दोहोंच्या मध्ये माजघर, ज्याच्या समोरासमोरच्या दारांतून एका चौकातील वारा दुसऱ्या चौकात जात असे. वाड्याचे स्थापत्य पाहणारे पुष्कळदा कोरीव कामाचीच वाखाणणी करतात. मला स्वतःला या वाऱ्याच्या वाटेइतकी सुंदर योजना सबंध वाड्यात दुसरी दिसत नाही. कारण वैशाखातल्या दुपारी माजघराच्या थंडगार जमिनीवर नुसत्या चटईवर पडून राहिलेल्या माणसाला तिच्यामुळे जे सुख लाभत असेल, त्याची सर कोणत्याही कमळाच्या पाकळीला यावयाची नाही.

अशा घराची आबाळ एका दिवसात होत नाही. आजोबा आणि त्यांचे धाकटे बंधू यांच्यात वाटणी झाली. पुढे दोन्ही शाखांची मुले नोकऱ्यांनिमित्त पांगली. मिळकत पत्रिकेवर हिस्सेदारांची नावे चढत गेली, आणि ज्या वस्तूवर सर्वांचा हक्क तिची काळजी कोणाच्याच वहिवाटीत राहिली नाही. सामायिक पन्हळ फुटली तर ती कोणी सांधावयाची, याचा निकाल कोणत्याही वाटणीपत्रात लिहिलेला नसतो. त्यातच युद्धकाळी शहरात माणसांची रीघ लागली आणि वाड्यावाड्यांतून खणांच्या हिशोबाने जागा भाड्याने जाऊ लागल्या. दोन खणांत एक बिऱ्हाड, पडवीच्या तुकड्यात दुसरे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हेच सर्वसाधारणपणे प्रमाण भाडे ठरवले, आणि गरजू मनुष्य रस्त्यावर येऊ नये हा त्यामागील हेतू रास्तच होता. पण कौले, चुना, सागवान आणि सुताराची मजुरी यांच्या किमतींना कोणताही कायदा त्या तारखेवर थांबवून धरू शकला नाही. १९९९ चा महाराष्ट्राचा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात येईतो दोन पिढ्या उलटल्या होत्या. तोवर मालकापाशी दुरुस्तीला पैसा नव्हता, बिऱ्हाडकरूला मोठ्या दुरुस्तीचा अधिकार नव्हता, आणि आज रात्री अंथरुणावर गळणारे पाणी तर दोघांपैकी कोणाच्याही सोयीची वाट पाहत नव्हते. मग एक पत्रा येई, एक फळी येई, सिमेंटचा एक थर येई. वाड्याच्या अंगावरची बहुतेक भर अशी रात्रीपुरत्या निकडीतून आलेली आहे, आणि तिच्याकडे केवळ कुरूपता म्हणून पाहणे मला अन्यायाचे वाटते.

आडाजवळच्या त्या पत्र्याच्या स्वयंपाकघराचेच पाहा. एका कारकुनाच्या कुटुंबाने ते बांधले होते. आत उभ्याने हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत एवढीच जागा. पण त्या जागेत ओट्याची उंची बांधणाऱ्या गृहिणीच्या कमरेला नेमकी जुळेल अशी ठेवलेली, धूर जावा म्हणून पत्र्याची एक बाजू हातभर उचलून तिला वासा दिलेला, आणि दक्षिणेच्या भिंतीत डबे ठेवण्यासाठी सोडलेल्या कोनाड्यांच्या कडा गेरूने रेखलेल्या. जिच्या नावावर या शहरात वीतभरही जागा नव्हती त्या बाईने गेरूची ती रेघ प्रत्येक दिवाळीला नव्याने ओढली असली पाहिजे, कारण छिन्नीने पापुद्रा सुटला तेव्हा खाली एकाखाली एक तिचे कितीतरी थर निघाले. ते स्वयंपाकघर आम्ही काढले. त्याच्या पत्र्यावरचे सारे पावसाचे पाणी मागील भिंतीच्या मुळाशी उतरत होते आणि त्या भिंतीला छातीच्या उंचीपर्यंत लोणा लागला होता. ते ठेवणे म्हणजे मागील सोपा गमावणे होते. पण ते काढताना बिगाऱ्यांना मी घण घालू दिला नाही. पत्रे सोडवून, वासे उतरवून, विटा हातांनी सुट्या करून ते घर खाली घेतले.

मूळ रूप परत आणावयाचे, असे म्हणणे सोपे असते. परंतु मूळ म्हणजे कोणते? फ्रान्समध्ये गेल्या शतकाच्याही मागल्या शतकात व्हियोले-ल-द्यूक नावाचा मोठा वास्तुविशारद होऊन गेला. पुनरुद्धार म्हणजे वास्तू अशा पूर्णावस्थेस नेणे की जी कदाचित कोणत्याही काळी अस्तित्वात नसेलही, असे त्याचे प्रतिपादन होते, आणि त्या विचाराने त्याने जुन्या देवालयांवर व गढ्यांवर पुष्कळ काम केले. उलट इंग्लंडात विल्यम मॉरिसने १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती याच प्रवृत्तीला विरोध म्हणून. शतकानुशतके बसत आलेले थर खरवडून काल्पनिक आरंभाकडे जाणे म्हणजे इतिहासाचा विध्वंस, असे त्याचे मत. माझा ओढा मॉरिसकडे आहे. परंतु त्याच्या डोळ्यांसमोर दगडी चर्चे होती. आमचे घर लाकूड, माती आणि चुना यांचे, ज्यांना दर पिढीने हात लावला नाही तर ती टिकतच नाहीत. आणि जुन्या सुताराने पहिल्या चौकाच्या माडीची तक्तपोशी उघडून दाखवली तेव्हा असे आढळले की, ज्या माडीला आम्ही वाड्याचे भूषण समजत होतो तीच मुळी मागाहून चढवलेली आहे: खालच्या कड्या एका हाताच्या, वरच्या दुसऱ्या, खाली वाकसाचे लांब, निश्चिंत घाव, वर घाईचे, आखूड. कोणा पूर्वजाला बरे दिवस आले आणि त्याने भर घातली. ती भर सागवानाची आणि नक्षीची म्हणून वंदनीय, आणि कारकुनाच्या बायकोची भर पत्र्याची म्हणून पाडण्याजोगी, असा भेद वयावरून किंवा ऐश्वर्यावरून करणे मला पटत नाही.

तेव्हा आम्ही कसोटी धरली ती पाण्याची आणि भाराची. जी भर आपल्या पायावर उभी आहे, आपल्या छपराचे पाणी आपण वाहून नेते आणि शेजारच्या भिंतीला श्वास घेऊ देते, ती कोणत्याही काळची असो, राहील. जी जुन्या भिंतीत कांबी खुपसून लोंबते, आपले पाणी दुसऱ्याच्या मुळाशी सोडते किंवा ओल कोंडून धरते, ती जाईल. या कसोटीला सर्वांत आधी जे उतरले नाही ते म्हणजे सिमेंटचा गिलावा.

चुन्याचा आणि सिमेंटचा स्वभाव निरनिराळा आहे, आणि आमच्या जुन्या घरांचा निम्मा नाश हा भेद न ओळखल्याने झाला आहे, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो. घाणीत मळलेला, गुळाचे आणि हिरड्याचे पाणी पाजलेला चुना हवेतील वायू शोषीत सावकाश, वर्षानुवर्षे घट्ट होतो. तो भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देतो, घर किंचित हलले तर त्याला बारीक चिरा पडतात आणि त्यांतल्या पुष्कळ तो आपण होऊन भरून काढतो. सिमेंट थोड्या दिवसांतच दगडासारखे कठीण होते आणि वाफेची वाट बंद करते. जोत्यातून वर चढलेली ओल मग आतच अडकते. तिच्याबरोबर आलेले क्षार विटेच्या पोटात फुलतात, वीट भुगा होऊ लागते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला मात्र गिलावा गुळगुळीत, धडधाकट दिसतो. ओटीच्या डाव्या भिंतीवरचा सिमेंटचा थर सुताराने बोटाच्या पेराने ठोकला तेव्हा आतून पोकळ, मडक्यासारखा आवाज आला. छिन्नी लावताच तो थर अख्खा सुटून पडला आणि मागे ओली, काळी, दरवळणारी माती उघडी झाली. त्या भिंतीत टोक रुतलेली एक तुळई कोपरभर कुजून गेलेली निघाली. पुढे कित्येक आठवडे ती भिंत आम्ही तशीच उघडी, वाळत ठेवली. प्रथम तिच्यावर पांढरे क्षार फुटून आले, ते मऊ कुंच्याने झाडले, पुन्हा आले, पुन्हा झाडले, आणि हळूहळू तिचा काळपट रंग जाऊन विटांचा मूळचा तांबूस रंग परतला. घर बरे होताना पाहणे हा आनंद फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

पाडकामाचा क्रम हा बांधकामाच्या क्रमाइतकाच विचाराचा विषय आहे. वरून खाली यावयाचे. ज्यावर भार आहे ते, भार दुसरीकडे नेल्यावाचून, हलवावयाचे नाही. आणि भार कोठे आहे हे मूळ नकाशावरून ठरवावयाचे नाही, कारण वर्षांच्या ओघात भार आपली जागा बदलतो. हे आम्हाला वाटणीच्या भिंतीने शिकवले.

ही भिंत माजघराच्या बरोबर मध्यातून जात होती. आजोबांच्या आणि त्यांच्या बंधूंच्या वाटणीच्या वेळी, पंचांनी दोरी धरून आखून दिलेल्या रेषेवर, जमिनीवरच, पाया न घेता ती चढवलेली. विटा कच्च्या भाजणीच्या, जोडकाम मातीचे. तिने वाऱ्याची ती वाट बंद केली, माजघराची दोन अंधारी दालने केली, आणि दोन चुलतघरांमध्ये अबोला आणून बसवला. तिला काढण्याविषयी कोणाचेच दुमत नव्हते. परंतु सुताराने शिडीवर चढून भिंतीच्या माथ्याशी पाते सरकवून पाहिले, तर ते कोठेच आत जाईना: मुख्य तुळई भिंतीवर बसलेली होती. मग तो कारणाचा माग काढीत खाली आला. जिन्याखालच्या मोरीचे पाणी वर्षानुवर्षे झिरपून जवळच्या खांबाचा पाय कुजला होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने पुण्यातली घरेही हलवली, तेव्हाच बहुधा तो खांब खचला असावा. आणि तुळई खाली येऊन जी टेकली ती या भिंतीवर. भावाभावांना तोडण्यासाठी उभारलेली भिंत त्यानंतर दोघांच्याही डोक्यावरचे छप्पर तोलीत राहिली होती, आणि हे दोन्ही घरांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते.

तिच्यात आणखी एक गोष्ट निघाली. स्वयंपाकघराच्या बाजूची मांडणी हलवली तेव्हा तिच्यामागे, बसलेल्या बाईच्या खांद्याच्या उंचीवर, एक वीट मातीवाचून नुसतीच बसवलेली दिसली. ती ओढली तर सहज हातात आली, आणि पलीकडच्या दालनातला उजेड या बाजूस पडला. भोकाच्या कडा वापराने गुळगुळीत आणि तेलकट काळ्या झालेल्या होत्या.

आत्यांचे वय आता नव्वदीच्या घरात आहे. भिंत उभी राहिली तेव्हा त्या परकऱ्या पोर होत्या. त्यांना कोथरूडहून मुद्दाम आणले. त्यांनी त्या भोकात हात घालून पाहिला आणि म्हणाल्या, "वाटी जाते रे यातून. फुलपात्र नाही जात, वाटी जाते. आईने गवंड्याला सांगून ठेवले होते, एवढी एक वीट मातीत बसवू नकोस म्हणून."

"पलीकडून काकूआजी घ्यायच्या?"

"काकू घ्यायची, काकू द्यायची. माझ्या गोवराच्या दुखण्यात मेतकूट-भात तिकडूनच यायचा."

"आजोबांना ठाऊक नव्हते का, आत्या?"

त्या थोडा वेळ भिंतीकडे पाहत राहिल्या. "ते रोज इथे या भिंतीकडे पाठ करून जेवायला बसायचे. जागा दुसरीकडे पुष्कळ होती. मला वाटते, ठाऊक होते म्हणूनच बसायचे."

पुढच्या काही दिवसांत घरात पुष्कळ विचारविनिमय झाला. पुतण्याचे म्हणणे, भिंतीचा तेवढा भाग ती वीट आणि ते भोक यांसह राखावा, चौकट करावी. त्यामागची भावना मला समजत होती. तरीही मला वाटत होते की, अडचणीत सापडलेल्या दोन बायकांनी काढलेली ती पळवाट शोभेची वस्तू करून ठेवणे म्हणजे ती अडचणही सन्मानाने राखून ठेवणे होय. निर्णय आत्यांवर सोपवला. "ते भोक ठेवून काय करता?" त्या म्हणाल्या. "माजघर एक होणार आहे ना? मग हातात हात देता येईल."

तेव्हा प्रथम मोरी बंद करून तिचे पाणी चौकाच्या मूळ मोहरीकडे वळवले. तुळईच्या दोन्ही अंगांना सागवानी धिरे दिले. खांबाचा कुजलेला पाय कापून काढून त्या जागी जुन्याच लाकडाचा, तिरप्या सांध्याने बसवलेला नवा पाय दिला. तळखडा मात्र तोच, नुसता समतलात आणलेला. मग जॅक लावून तुळई केसाकेसाने वर घेतली. घाई केली तर वरचे सारे सांधे उसवतील म्हणून सुतार रोज थोडेच फिरवी आणि बाकीचा वेळ कान लावून ऐकत बसे. एके दिवशी त्याने पुन्हा पाते भिंतीच्या माथ्याशी धरले आणि ते या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत गेले. त्यानंतर भिंत वरच्या थरापासून एकेक वीट करून उतरवली. माती चौकात चाळून गिलाव्याच्या कामासाठी ठेवली. विटांपैकी ज्या धड निघाल्या त्या पडवीच्या नव्या ओट्यात घातल्या. त्या दिवशी दुपारी मागल्या चौकातला वारा माजघरातून पुढल्या चौकात आला. कामावरची माणसे डबे उघडून तिथेच जेवायला बसली.

मागील चौकाच्या उत्तरेची भिंत मात्र आम्ही ठेवली आहे. तीही मूळची नव्हे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले, आणि मुठेच्या काठच्या पेठांत पाणी शिरले. आमच्या मागील चौकाची मातीची भिंत त्या पाण्यात विरघळून खाली बसली. पाणी ओसरल्यावर वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांनी, मालक आणि भाडेकरू हा भेद बाजूस ठेवून, मिळतील त्या विटा जमवून ती पुन्हा उभी केली. तिच्यात तीन तऱ्हेच्या विटा आहेत, थर कोठे सरळ कोठे वाकडे आहेत, आणि बिऱ्हाडकरूंपैकी एक शाळामास्तर ओळंबा धरून उभे होते असे आत्या सांगतात. पाहण्यास आलेल्या एका वास्तुविशारदाने ती पाडून मूळच्यासारखी करावी अशी सूचना केली होती. पण तिला स्वतःचा पाया आहे, आपल्या पाख्याचा भार ती आपण वाहते, आणि तिचे पाणी चौकातच उतरते. कसोटी एकदा ठरवल्यावर ती या भिंतीलाही लावली पाहिजे, आणि ही भिंत तिला पुरी उतरली. तिच्यावरचा सिमेंटचा गिलावा तेवढा खरवडून चुन्याचा द्यावयाचा आहे. त्यासाठी चुना परसात भिजत घातला आहे; तो मुरून हाताला लोण्यासारखा लागू लागला की, पावसाळा सरल्यावर, त्या कामास हात घालावयाचा.